चर्चमधल्या गायनसेवेसाठी पेटी: स्केल चेंजर घ्यावी की साधी दुहेरी सुरांची?

मंडळीसाठी, म्हणजे चर्चमध्ये उपासनेला जमणाऱ्या लोकांसाठी, हार्मोनियम घ्यायला गेलं की दुकानात सगळ्यात आधी पुढे येते ती तीन सुरांची (प्रत्येक पट्टीला पितळी जिभांचे तीन संच), कप्लर असलेली (एक पट्टी दाबली की दुसऱ्या सप्तकातलीही दाबली जाते), नऊ स्केलची मोठी स्केल चेंजर पेटी (पट्ट्यांची फळी सरकवून सा बदलता येते). दिसायला देखणी, आवाजाला भरदार. पाळकांना आवडते, देणगी देणाऱ्यालाही आपल्या पैशाचं चीज झाल्यासारखं वाटतं. तरीही पन्नास ते दोनशे माणसांच्या मंडळीसाठी आमचं मत साध्या पेटीच्या बाजूने आहे. साडेतीन सप्तकांची, 42 पट्ट्यांची, खर्ज (खालच्या सप्तकाचा) आणि नर (मधल्या सप्तकाचा) असे दोनच सूर असलेली, कप्लर नसलेली, स्केल चेंजर नसलेली. कारणं दोन आहेत. पहिलं दुरुस्तीचं आणि वजनाचं. दुसरं वाजवणाऱ्याचं. अशा पेटीवर सेवा करणाऱ्याच्या पदरात जे पडतं ते मोठ्या पेटीवर सहसा पडत नाही.

या वाद्याचं चर्चशी नातं जुनं आहे. 1840 च्या दशकात पॅरिसमध्ये अलेक्झांद्र दबां याने हार्मोनियम बनवली आणि ज्या लहान चर्चना पाइप ऑर्गन परवडत नव्हता तिथे ती पोहोचली. मिशनऱ्यांबरोबर ही पायाने भाता मारायची पेटी भारतात आली. कोलकात्यात द्वारकानाथ घोष यांनी 1875 च्या सुमारास तिला हाताचा भाता दिला आणि ती जमिनीवर बसून वाजवता येऊ लागली. मराठी मंडळ्यांत तिला खरं काम मिळालं ते भजनामुळे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 साली मुंबईत झाला. त्यांनी पुढे अहमदनगर भागात राहून ख्रिस्ती भजनं आणि कीर्तनं रचली, आणि इंग्रजी चालींच्या शेजारी देशी चाली उपासनेत रुजल्या. चार आवाजांच्या परदेशी गीतांना ऑर्गन हवा असतो. भजनाला पेटी, तबला आणि झांज पुरते.

आता खरेदी. नाव, पॉलिश आणि कोरीव जाळी यांकडे नंतर बघा. आधी सगळे स्टॉप, म्हणजे सुरांकडे हवा सोडणाऱ्या खुंट्या, बंद करून भाता मारा. आतला भाता पूर्ण भरला की हात थांबवा आणि कान लावा. सूं-सूं आवाज आला तर हवा कुठूनतरी गळते आहे, बहुधा चामड्याच्या सांध्यातून. मग खर्ज आणि नर दोन्हींचे स्टॉप उघडा, पण पट्टी दाबू नका. आता पुसटसाही सूर ऐकू आला तर पट्टीखालची झडप नीट बसत नाही. तिसरी चाचणी म्हणजे फक्त नराचा स्टॉप उघडा ठेवून, भरलेल्या भात्यावर मधल्या सप्तकातली एक पट्टी दाबून धरायची आणि भाता मारायचा नाही. सूर दहा सेकंदांच्या आत विरला तर ती पेटी सोडा. रविवारी ओळीमागून ओळ वाजवताना अशी पेटी डाव्या हाताला दम खाऊ देत नाही, आणि दमलेला हात सूर हलवतो.

त्यानंतर खालपासून वरपर्यंत एकेक पट्टी अगदी हलक्या हवेवर वाजवा. खालच्या पाच-सहा पट्ट्यांचे सूर उशिरा बोलत असतील तर धृपदाची सुरुवात नेहमी मागे पडेल. हे जोरात वाजवून कळत नाही, आणि दुकानात दाखवताना पेटी जोरातच वाजवली जाते. मग खर्ज आणि नर एकत्र उघडून प्रत्येक पट्टी पुन्हा तपासा. दोन सुरांत फरक असेल तर आवाज लाटेसारखा हेलकावतो. सेकंदाला एक हेलकावा म्हणजे एका कंपनाचा फरक. एखाद-दुसरा संथ हेलकावा चालतो. थरथर ऐकू आली तर सूर जुळवून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. मोबाइलवरच्या ट्यूनरने पांढरी सहा (मधल्या सप्तकातली सहावी पांढरी पट्टी) सेकंदाला 440 कंपनांवर आहे का तेही बघा. जुन्या पेट्या यापेक्षा चढ्या किंवा उतरलेल्या सापडतात. एकट्या वाजतात तेव्हा काही बिघडत नाही, पण नाताळच्या कार्यक्रमात तरुण मंडळी कीबोर्ड आणि गिटार घेऊन येतात तेव्हा पेटीला गप्प बसावं लागतं.

मादीचा तिसरा सूर लहान चर्चला नको. तो वरच्या सप्तकात टोचतो आणि हवाही खातो. दगडी भिंतींच्या, उंच छताच्या जुन्या चर्चमध्ये तर खर्जही अर्ध्या वेळा बंदच ठेवावा लागतो, नाहीतर शब्द घुमून चिखल होतो. कप्लर एका पट्टीबरोबर दुसऱ्या सप्तकातली पट्टी आपोआप दाबतो. आवाज भरतो हे खरं. पण पट्टी जड होते, हवा जास्त लागते, आणि आतली तार वाकली की एक सूर दाबला असता दुसरा अडकून राहतो. प्रार्थनेच्या शांततेत अडकलेला सूर फार लांब ऐकू जातो. घरोघरीच्या प्रार्थनासभांना पेटी न्यायची असेल तर घडीची सफरी पेटी घ्यायला हरकत नाही. फक्त तिची पट्ट्यांची फळी वर आल्यावर दोन्ही टोकांना घट्ट बसते ना, एवढं बघून घ्या.

मुख्य वाद स्केल चेंजरचा. या पेटीत पट्ट्यांची सगळी फळी बाजूला सरकवता येते. बोटं त्याच जागी राहतात आणि सूर अर्ध्या-अर्ध्या स्वराने वर किंवा खाली जातो. मैफलीत साथ करणाऱ्याला ही सोय उपयोगी आहे, त्याबद्दल वाद नाही. पण फळी सरकल्यावर प्रत्येक पट्टी तिच्या झडपेवर बरोबर मध्यभागी यावी लागते. पावसाळ्यात लाकूड फुगतं, फळी अर्धा मिलिमीटर अलीकडे थांबते, आणि काही पट्ट्या दोन झडपा अर्ध्या-अर्ध्या उघडतात. हे काम तालुक्याच्या गावी सहसा कुणी करून देत नाही. पेटी पुण्या-मुंबईला न्यावी लागते, आणि ती मोठी पेटी एकट्याने एसटीत चढवण्यासारखी नसते. किंमतही साध्या पेटीच्या दुपटीच्या आसपास जाते.

या सोयीचा खोलवरचा तोटा वाजवणाऱ्याला होतो. तो सगळी गीतं एकाच सा वरून, बहुधा पांढरी एकवरून, शिकतो आणि खटका सरकवतो. पाच वर्षं सेवा करूनही त्याला दुसरा सा येत नाही. आजारी माणसाच्या घरी जुनी पेटी मिळाली, किंवा शेजारच्या मंडळीने ऐन वेळी बोलावलं, की तो अडतो. साध्या पेटीवर मात्र गाणाऱ्यांचा आवाज जिथे आहे तिथे आपल्या बोटांना जावंच लागतं. सुरुवातीला जड जातं. काळी चारवरून वाजवताना बोटं चुकतात, काळ्या-पांढऱ्यांची सगळी रचना उलटीपालटी वाटते. पण पंधरवड्याला एक नवीन सा धरला, आणि त्यावर मंडळीत नेहमी म्हटली जाणारी चार गीतं रोज वीस मिनिटं वाजवली, तर सहा महिन्यांत बाराही जागा हाताखाली येतात.

सा कुठे धरावा याचा हिशेब सोपा आहे, आणि तो न केल्यामुळे मंडळीचं गाणं जेवढं बिघडतं तेवढं पेटीमुळे बिघडत नाही. स्त्रिया, पुरुष, म्हातारी माणसं आणि मुलं एकत्र गातात तेव्हा गीताचा सर्वांत वरचा सूर पांढरी दोनच्या वर जाऊ देऊ नये. पुरुष तोच सूर एक सप्तक खाली गातात. चाल तार षड्जापर्यंतच (वरच्या सा पर्यंत) जात असेल तर सा पांढरी दोनला धरा. तार गंधाराला (वरच्या ग ला) शिवत असेल तर काळी पाचला उतरा. चाल मंद्र पंचमापासून मध्य पंचमापर्यंतच (खालच्या प पासून मधल्या प पर्यंत) फिरणारी असेल तर पांढरी पाच योग्य. तिन्ही वेळा वरचं टोक त्याच पांढरी दोनवर येतं. तबल्याचा दायां (उजव्या हाताचा) पांढरी दोनला लावलेला असेल तर तो पहिल्या गीतात षड्ज देतो आणि तिसऱ्यात पंचम, म्हणून हातोडी घेऊन बसावं लागत नाही. काळी पाचच्या गीताला मात्र तो गंधार होतो आणि खटकतो. तिथे ढोलक आणि झांजेवर भागवावं, किंवा षड्जाला लावलेला दुसरा दायां घ्यावा. दोन दायां असलेल्या मंडळ्या थोड्या, म्हणून ढोलकच बरं.

गीत सांगणाऱ्याने आधीच सूर धरला असेल तर तो शोधायची रीतही ठरलेली आहे. मोठ्याने वाजवत चाचपडायचं नाही. फक्त नराचा स्टॉप उघडा ठेवून, अगदी थोड्या हवेवर, मधल्या सप्तकातली एक पट्टी धरायची आणि गाणाऱ्याच्या सा शी तिचा हेलकावा ऐकायचा. पट्टी बदलत जाताना हेलकावा थांबला की सा सापडला. पहिली ओळ संपेपर्यंत हे झालं पाहिजे. धृपद परत येईल तेव्हा पूर्ण आवाजात शिरायचं.

सेवेचा पहिला मोबदला इथेच मिळतो, आणि तो कानाला मिळतो. स्वतःच्या सुरात इतरांना ओढणारा वादक आणि इतरांचा सूर शोधणारा वादक यांचे कान वेगळे घडतात. दुसऱ्याला काही महिन्यांनी गर्दीतही कळायला लागतं की डावीकडच्या बाकांवर सूर उतरतो आहे, मागची मुलं लय पुढे ओढताहेत, आजीबाईंना वरची ओळ झेपत नाही. पेत्राच्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात मिळालेलं कृपादान एकमेकांच्या कारणी लावायला सांगितलं आहे. पेटीवर बसलं की या शिकवणीला रोजच्या कामाचं रूप येतं, कारण माणसं ऐकल्याशिवाय साथ होतच नाही.

दुसरा मोबदला शब्दांचा. गीतपुस्तक पेटीवर ठेवायला जागा नसते. ठेवलं तरी भाता, पट्ट्या आणि मंडळी यांच्यावर एकाच वेळी नजर ठेवताना ओळी वाचता येत नाहीत. त्यामुळे गीतं पाठ होतात. पाच कडव्यांचं गीत वर्षात आठ-दहा वेळा वाजलं की कायमचं तोंडात बसतं, आणि कडवी पाठ असलेला माणूस दवाखान्यात, मयताच्या घरी, वीज गेलेल्या सभेत रिकाम्या हाताने उभा राहत नाही. दुःखाच्या घरात काय बोलावं ते कुणालाच सुचत नाही. तिथे ओळखीच्या भजनाचा सा धरणाऱ्याभोवती माणसं आपोआप गोळा होतात. हा अनुभव ज्याच्या वाट्याला येतो त्याला आपल्या कलेची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

तिसरा मोबदला मात्र मोजून बघता येतो. साथ नसली की मंडळी गाताना हळूहळू उतरते. पाच कडव्यांच्या गीतात अर्धा स्वर सहज जातो. कारण श्वास अपुरा पडतो आणि ओळीच्या शेवटी सूर सोडला जातो. वर्षभर नीट साथ झाल्यावर चौथ्या कडव्याला पेटी पूर्ण थांबवा, नुसतं गाऊ द्या, आणि पाचव्याला पुन्हा सा दाबा. तो जुळला तर मंडळीच्या कानात सूर बसला. जुळवून दिलेलं गाणं आता तुमच्याशिवाय उभं आहे. वाजवणाऱ्याला मिळणारा याहून मोठा आनंद आम्हांला माहीत नाही. टाळ्या मिळालेल्या कार्यक्रमानंतरसुद्धा तो तसा मिळत नाही.

साथीच्या काही गोष्टी पेटीला जमत नाहीत, त्या आधीच माहीत असाव्यात. पेटीवर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं, निघत नाही आणि तिचे सूर समान अंतरावर लावलेले असतात. तिचा शुद्ध गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा सुमारे 14 सेंटने (अर्धा स्वर म्हणजे 100 सेंट) चढा असतो. याच उणिवांमुळे आकाशवाणीने 1940 पासून सुमारे तीन दशकं तिला बंदी घातली होती. सामुदायिक गायनाला मींडेची अडचण येत नाही. गंधाराची येते, विशेषतः परदेशी चालींत. अशा चालींना उजव्या हाताने तीन-तीन सूर एकदम दाबून कॉर्ड देण्याचा मोह होतो. दोन्ही सूर उघडे असताना त्या कॉर्डमध्ये चढा गंधार बोचतो, आणि हवा दुप्पट-तिप्पट वेगाने संपते. वर चाल आणि खाली षड्ज किंवा पंचम एवढंच ठेवा. चार आवाजांचं काम गायकवृंदाकडे सोपवा.

भाता तालावर मारू नये. नवीन हात हे हमखास करतो. प्रत्येक मात्रेला धक्का बसतो आणि शांत गीतसुद्धा दांडपट्ट्यासारखं चालतं. लहान, सलग, तालाशी संबंध नसलेले धक्के द्यायचे, आणि ओळ सुरू होण्याआधी आतला भाता भरलेला ठेवायचा. भरलेल्या भात्यावर आणखी जोर लावला तर दाब वाढून खालचे सूर किंचित उतरतात. मोठा आवाज हवा म्हणून केलेला जोर उलट बेसूर करतो. माइक लावायचा तर पट्ट्यांच्या समोर लावू नका, बोटांची खटखट आधी पोहोचते. जाळीच्या मागे, वरून फूटभर अंतरावर तो बरा पडतो.

कॅथलिक चर्चमध्ये वाजवणाऱ्याने उपासना-वर्षाचे नियमही शिकून घ्यावेत. उपवासकाळात (ईस्टरच्या आधीच्या आठवड्यांत) वाद्य फक्त गाण्याला आधार म्हणून वाजतं, नुसतं वादन करायचं नसतं. त्या काळातला चौथा रविवार आणि मोठे सण तेवढे याला अपवाद. त्या आठवड्यांत अर्पणाच्या वेळी किंवा कम्युनियननंतर बोटं शिवशिवतात, पण हात मांडीवर ठेवायचा असतो. बरेच वादक या काळाला कंटाळतात. आम्हांला तो वर्षातला सगळ्यात उपयोगी काळ वाटतो. कुठे वाजवू नये हे त्यातून कळतं, आणि पुनरुत्थानाच्या जागरणाला (ईस्टरच्या आदल्या रात्री) पेटी पुन्हा मोकळी वाजते तेव्हा तिचा अर्थ मंडळीलाही कळतो.

कीबोर्डचा प्रश्न नेहमी विचारला जातो. स्वस्तातला कीबोर्ड पेटीपेक्षा कमी पैशात येतो, बटण दाबून सा बदलतो आणि त्याला पावसाळा बाधत नाही. तरुणांच्या गायकवृंदासाठी चांगला. पण त्याला वीज आणि स्पीकर लागतो, आणि आवाज वादकापासून दूर ठेवलेल्या स्पीकरमधून येतो, त्यामुळे गाणारे आणि वाजवणारा एकमेकांना ऐकत नाहीत. अंगणातल्या प्रार्थनासभेत पेटीच बरी.

जे मिळत नाही तेही सांगितलं पाहिजे. पैसे मिळत नाहीत, किंवा प्रवासखर्चापुरते मिळतात. चांगली साथ ऐकणाऱ्याच्या लक्षातच येत नाही, म्हणून कौतुकही थोडं. चूक मात्र सगळ्यांना ऐकू जाते. रविवारची सकाळ, सणाचे दिवस आणि डिसेंबर महिना घरच्यांपासून तुटतो. कौतुकाच्या अपेक्षेने बसलेला वादक दोन-तीन वर्षांत रुसून उठतो. असं होऊ नये म्हणून महिन्यातला एक रविवार दुसऱ्या वादकाला द्यावा आणि त्या दिवशी बाकावर बसून सगळ्यांबरोबर गावं. आपल्या साथीवर गाणाऱ्याला काय हवं असतं, तेही तिथे बसूनच कळतं.

देखभालीत सगळ्यात मोठा शत्रू पावसाळा. वसई किंवा कोकणातल्या दमट हवेत पट्ट्या फुगून अडकतात, चामडं ओलसर होतं, आणि त्या वासावर झुरळं व उंदीर येतात. पेटी जमिनीवर ठेवू नका, लाकडी फळीवर किंवा कपाटात ठेवा. भात्याचा पट्टा बांधा, सगळे स्टॉप बंद करा, वर सुती कापडाचं आच्छादन घाला. प्लॅस्टिक नको, आत दमट हवा कोंडते. पावसाळ्यातही आठवड्यातून दोनदा पाच मिनिटं वाजवली तर सूर मोकळे राहतात. एखादा सूर अचानक मुका झाला तर बहुधा पितळी जिभेखाली कचरा अडकलेला असतो. वरची फळी काढून जिभेचं टोक पातळ पात्याने अलगद उचलून सोडलं की तो निघतो. जीभ वाकवू नका. सूर जुळवायचं काम मात्र घरी करू नये. टोकाकडे घासलं तर सूर चढतो, मुळाशी घासलं तर उतरतो, एवढं ऐकून अनेक जण पातं हातात घेतात आणि घासलेलं पितळ परत येत नाही.

वर्षातून एकदा कारागिराला दाखवायची वेळ ऑक्टोबर किंवा नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा. पाऊस संपलेला असतो आणि नाताळआधीचा आगमनकाळ सुरू व्हायचा असतो. त्याच महिन्यात नवीन विद्यार्थी बसवावा. दहा-बारा वर्षांचं मूल आधी फक्त भाता मारेल, तुम्ही पट्ट्या वाजवा. महिनाभराने हात बदला. मग एक भजन, काळी एकवरून, फक्त धृपद. मंडळीत पहिल्यांदा वाजवताना त्याला शेवटचं गीत द्यावं, पहिलं नाही. तोपर्यंत सगळ्यांचे गळे मोकळे झालेले असतात आणि एखादी पट्टी चुकली तरी गाणं थांबत नाही.